आपोआप उघडणारा फ्लॅश

गणपतीतलं नाटक होतं ते. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरातली, लष्कर भागातली सगळी मराठी मंडळी सभागृहात दाटीवाटीनं बसलेली. शेवटचा प्रवेश सुरू होता. बाकीचे दिवे विझवलेले, माझ्या अंगावर एकच पिवळा झोत आणि हातात पत्र. कुणी खोकतही नव्हतं. मी मान वर केली, श्वास घेतला, वाक्य अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात...

लख्ख!

समोरच्या अंधारातून पांढरा उजेड असा काही अंगावर आला की मी दचकलेच. आणि वाक्य गेलं! दोन महिने घोकलेलं, आंघोळ करताना म्हटलेलं, स्कूटीवर म्हटलेलं वाक्य पार पुसलं गेलं. विंगेतून शांताताई दबक्या आवाजात मला शब्द पुरवत होत्या, पण कानांत नुसती धडधड ऐकू येत होतं. पाच-सहा सेकंद तरी गेले असतील. रंगमंचावर तेवढ्यात माणूस म्हातारा होतो. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग एकदाचं मला वाक्य सापडलं.

पडदा पडल्यावर मी मेकअप पुसत होते. रागानं कापूस इतका घासत होते की गाल चुरचुरायला लागला.

"ऐका ना..."

दारात एक उंच मुलगा उभा होता. निळा कुर्ता, विस्कटलेले केस, आणि हातात कॅमेरा. तोही असा धरलेला, जणू चोरून दूध पिताना पकडलेलं मांजर.

"तो फ्लॅश... माझाच होता."

"तुमचा?" मी उठलेच.

"माझा म्हणजे याचा. मी सिर्फ बटन दाबलं. हा आपोआप उघडतो! दोनदा हातानं दाबून बंद केला, फिर भी... टप्!" त्यानं कॅमेऱ्याच्या डोक्यावर बोट आपटून दाखवलं. "माझं नाव अंशुल भोईटे. आणि खरंच, सॉरी."

"माझं वाक्य गेलं तुमच्यामुळं."

"पण जे थांबलात ना, ते फार छान वाटलं. मला वाटलं नाटकातच आहे."

मी हसू येऊ नये म्हणून कापसाकडं बघत राहिले.

"फोटो तरी बघा," तो म्हणाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळा काळोख होता आणि त्या काळोखात मधोमध एक टक्कल झळाळत होतं. मंडळाच्या मल्हाररावांचं. तिसऱ्या रांगेत बसले होते ते.

"ही... मी आहे?"

"तुम्ही त्यांच्या मागं आहात," तो कळवळून म्हणाला. "अंधारात."

आता मात्र मला राहवलं नाही. इतकी हसले की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. त्यालाही धीर आला.

"अहो, एवढासा हा फ्लॅश," मी म्हणाले. "दहा-बारा फुटांपलीकडं त्याचा उजेड पोचतच नाही. मधे जो पहिला सापडेल, त्यालाच उजळतो. रंगमंच कसा दिसणार?"

"तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत फ्लॅशच मारत असते."

"पोलिसात आहात का?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात! इथल्या कंपू भागात. नंबर तपासते, डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढते." मी त्याच्या हातून कॅमेरा घेतला. वरची चकती हिरव्या ऑटोवर होती. ती फिरवून शेजारच्या खुणेवर आणली. त्या खुणेत विजेचं चिन्ह होतं आणि त्यावर काट मारलेली. "हे बघा. ऑटोवर ठेवलं की अंधार दिसताच कॅमेरा स्वतःच ठरवतो आणि फ्लॅश उघडतो. तुम्ही कितीही दाबा. इथं ठेवलं की तो गप्प बसेल. नाटकात, गाण्यात, देवळात हेच ठेवायचं."

"आणि तुमचे फोटो काढायचे असतील तर?"

"काढायचे आहेत असं कुणी सांगितलं?"

"नाही, मतलब... कधी काढायचे झालेच तर," असं म्हणून तो जो पळाला, तो जाताना दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच.

*

महिन्याभरानं माझ्या टेबलावर एक कार्ड आलं. अंशुल भोईटे, वय सत्तावीस. तक्रार : सगळं धूसर येतं.

मी मान वर केली. समोर तोच.

"बसा," मी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाले. "डावा डोळा झाका. वाचा."

त्यानं सगळ्या ओळी वाचल्या. शेवटची बारीक ओळसुद्धा. मग उजवा झाकून पुन्हा वाचल्या, आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"नजर उत्तम आहे तुमची. काही धूसर नाही."

"मला नाही दिसत धूसर. फोटो धूसर येतात." त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला. "तुम्ही सांगितल्यापासून फ्लॅश बंदच ठेवला आहे. कसम से. पण ही बघा काय हालत झाली."

फोटोत एक छोटी मुलगी होती, असावी. तिला दोन डोकी आणि चार हात होते.

"ही आमची चिऊ," तो म्हणाला. "खरं नाव यशश्री. दादाची मुलगी, तीन वर्षांची. दादा, म्हणजे संग्रामसिंह, जहाजावर इंजिनिअर आहे. ऑगस्टात गेला, फेब्रुवारीत येणार. जाताना हा कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाला, रोज एक फोटो काढ. मी आलो की सहा महिन्यांतली चिऊ मला एकदम बघायची आहे."

त्याचा आवाज जरा हलला. मग मला कोरडं राहता येईना.

"फ्लॅश नसला की कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला जास्त वेळ लागतो," मी सांगितलं. "तेवढ्यात ती हलते, म्हणून असं होतं."

"मग फ्लॅश लावू?"

"छे! मुलांच्या तोंडावर इतक्या जवळून फ्लॅश म्हणजे चेहरा पांढराफटक आणि मागं भिंतीवर काळीकुट्ट सावली. तिला खिडकीशी बसवा. फ्लॅश नकोच." मोठ्या ऐटीत सांगितलं मी.

"एकदा दाखवाल? रविवारी? इंदरगंजला माझं विम्याचं ऑफिस आहे, तिथून जवळच बाग..."

मागच्या बाकावरून एक आजीबाई ओरडल्या, "बेटा, हमारा नंबर कब आएगा? इनकी आँखें तो ठीक हैं!"

"येते," मी पटकन म्हणून टाकलं. माझे कान तापले होते.

*

मग रविवार येतच राहिले.

पहिल्याच रविवारी बागेत मी उन्हाकडं पाठ करून उभी होते. काय काय होतं ते बघायला त्यानं चकती ऑटोवर ठेवली आणि बटण अर्धं दाबलं. टप्! फ्लॅश उघडला.

"अरे! भर दुपारी? पागल झाला हा!"

"पागल नाही. माझ्या मागं ऊन आहे ना. चेहरा काळा येईल म्हणून तो पुढून उजेड टाकतो. ऑटोला तेवढं कळतं."

"मला नव्हतं कळलं," तो कॅमेऱ्याच्या मागूनच म्हणाला. "मला तर चेहरा छान दिसत होता."

मी गवताकडं बघितलं. गवतात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं.

डोंगराच्या खुणेवर फ्लॅश उघडत नाही. धावणाऱ्या माणसाच्या खुणेवरही नाही. फुलाच्या खुणेवर उघडतो, पण फार जवळ गेलं तर भिंगाचीच सावली पडते. हे सगळं आम्ही करून बघितलं. झेंडूवर, खारीवर, त्याच्या चपलेवर आणि माझ्या नाकावर. एका संध्याकाळी इंदरगंजच्या चौकात दिवे लागले होते, टेम्पो आणि ई-रिक्षांची गर्दी होती. तिथं आम्ही चेहरा आणि चांदणी अशी जी खूण असते, ती लावली.

"यात फ्लॅश पडतो, पण कॅमेऱ्याच्या आतलं झाकण लगेच मिटत नाही," मी फुटपाथवर उभं राहून सांगत होते. "चेहरा फ्लॅशनं येतो आणि मागचे दिवे हळूहळू येतात. म्हणून फ्लॅश पडला तरी हलायचं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

"बरं. हलू नका."

फ्लॅश पडला. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. त्यानं कॅमेरा खाली घेतला, तरी तो माझ्याकडंच बघत होता. बाजूनं एक लग्नाचा बँडवाला ट्रॉम्बोन घेऊन गेला.

"अजून किती वेळ?" मी विचारलं.

"थोडा."

"फोटो झाला ना?"

"कधीच झाला," तो म्हणाला.

त्या रात्री आईनं भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तर मी म्हणे 'नाही, निळा कुर्ता' असं उत्तर दिलं. आई असंच सांगते. मला आठवत नाही.

*

डिसेंबरातला शनिवार होता. थंडी कडाक्याची. टोपी बाजारात एका दुकानात फोटो छापायला दिले होते आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत वाट बघत होतो. दादासाठीचा अल्बम तयार होत आला होता. अंशुल भारी खुशीत होता.

"गणपतीच्या आधीचे पण सगळे टाकले," तो सांगत होता, "फ्लॅशवाले. त्यात सगळ्यांचे डोळे लाल! वहिनी, पप्पा, सगळे भुतासारखे. ते का होतं हो?"

"अंधारात बाहुली मोठी होते. आणि हा फ्लॅश भिंगाला अगदी लागून असतो. त्यामुळं उजेड सरळ डोळ्यात शिरतो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि तसाच परत येतो. पडदा रक्तानं लाल असतो ना, तोच दिसतो."

"अच्छा! मी तर रात्र-रात्र बसून एकेक डोळा कॉम्प्युटरवर काळा केला. फक्त चिऊच्या फोटोंना मेहनत कमी. तिचा एकच डोळा लाल येतो."

मी ग्लास ओठांपाशी नेला होता. तो तिथंच राहिला.

"एकच?"

"हो. डावा आपला ठीक येतो. थोडा पांढरा, चमकदार. मांजरीसारखा. क्यूट दिसते."

"सगळ्या फोटोंत?"

"बऱ्याच..." त्याचं हसू मावळायला लागलं. "का? काय झालं?"

"मूळ फोटो आहेत? तू काळे करायच्या आधीचे?"

कॅमेऱ्यातच होते. मी एकेक पुढं सरकवला. फ्रॉकमधली चिऊ. कणीस खाणारी चिऊ. आजोबांच्या खांद्यावरची चिऊ. उजवा डोळा लाल, डावा पांढरट. पुन्हा लाल, पांढरट. मुलाची नजर विशिष्ट बाजूला असली तर कधीकधी एखाद्या फोटोत असं येऊ शकतं, हे मला माहीत होतं. पण सात फोटोंत?

"अंशुल, तुझ्या घरी चल. आत्ता."

"प्रिंट..."

"प्रिंट राहू दे. चल!"

त्याला मी 'तू' म्हणतेय हे माझ्या लक्षातही आलं नाही. टोपी बाजारातल्या त्या बोळांतून, हातगाड्या, सायकली, तीळ-गुळाच्या गजकाच्या दुकानापुढची गर्दी चुकवत त्यानं स्कूटर अशी काढली की मी डोळे मिटून त्याचा स्वेटर गच्च धरून ठेवला होता. तो एकदाच बोलला.

"प्रांजली, काय असू शकतं?"

"बघितल्याशिवाय सांगणार नाही," मी म्हणाले. कारण जे असू शकतं त्यातलं एक नाव इतकं वाईट होतं की ते मला वाऱ्यावरसुद्धा उच्चारायचं नव्हतं.

*

घरात त्याची वहिनी सोनल होती, वडील दौलतसिंह होते आणि जमिनीवर बसून वाटीतले शेंगदाणे एकेक करून गाडीत भरणारी चिऊ होती. अंशुलनं माझी ओळख करून दिली. दौलतसिंहांनी मिशीवरून हात फिरवत मला नीट न्याहाळलं. मुलगा पहिल्यांदाच एका मुलीला घरी घेऊन आला होता आणि ती मुलगी आल्या-आल्या म्हणत होती, "काका, खोलीचे पडदे लावू का?"

पडदे लावले. मी कॅमेरा ऑटोवर केला आणि लाल डोळे टाळायला आधी जो छोटा दिवा लागतो तो मुद्दाम बंद केला. मग चिऊसमोर मांडी घालून बसले.

"चिऊ, इकडं बघ. आता वीज चमकणार!"

टप्. लख्ख! ती खिदळली. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक.

तिन्ही फोटोंत डावा डोळा पांढरा.

"वहिनी, हिला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला हवं. लवकर."

"कॅमेऱ्याची खोड असेल!" दौलतसिंह एकदम गरजले. "पोरगी ठणठणीत आहे. दिवसभर पळते. फोटो बघून कधी आजार कळतो का? घरात आली नाही तोवर ही पोर सांगते की आमच्या मुलीच्या डोळ्यात..." त्यांना पुढं बोलवेना.

"पप्पा!" अंशुल म्हणाला.

मला रडू यायला लागलं होतं. पण मी चिऊच्या मागं सरकले आणि खेळत असल्यासारखा माझा तळहात तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. तिनं खुशाल शेंगदाणा उचलून गाडीत टाकला. मग मी हात उजव्या डोळ्यावर नेला.

चिऊ थबकली. शेंगदाण्यासाठी पुढं केलेला हात हवेत चाचपडला, आणि तिनं किंचाळून माझा हात ढकलून दिला.

मी पुन्हा डावा झाकला. ती शांत झाली. पुन्हा उजवा झाकला, तर ती रडायलाच लागली आणि हात पसरून म्हणाली, "मम्मा, कुठं गेलीस?"

सोनलवहिनी तिच्या अगदी समोर बसली होती. हातभर अंतरावर.

वहिनीनं मुलीला छातीशी घेतलं आणि माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

*

रविवार असूनही आमच्या डॉक्टर मॅडम आल्या. चिऊची तपासणी चालू होती तो अर्धा तास मी आणि अंशुल बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्यानं माझा हात कधी धरला आणि मी तो कधी धरू दिला, मला माहीत नाही.

दार उघडलं. "मोतीबिंदू आहे," मॅडम म्हणाल्या. "लहान मुलांनाही होतो. आत कॅन्सरची गाठबिठ काही नाही, पडदा छान आहे. ऑपरेशन करू."

मी इतक्या जोरात श्वास सोडला की मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "तीन वर्षं म्हणजे उशीरच झालाय. या वयात डोळा वापरला गेला नाही, तर मेंदू त्याला विसरत जातो. महिना-महिना महत्त्वाचा असतो. पण अजून वेळ गेलेली नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. सगळ्यांनी माझे आभार मानले. आणि मी अंशुलचे फोन घेणं बंद केलं.

कारण मॅडमचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. महिना-महिना महत्त्वाचा. सप्टेंबरात त्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश कुणी बंद केला? मी. मुलांच्या फोटोला फ्लॅश नकोच, असं ऐटीत कुणी सांगितलं? मीच. तीन महिने तो मुलगा माझं ऐकून चिऊला खिडकीशी बसवत राहिला. त्याच्याकडं कुठल्या तोंडानं बघू?

तीन आठवडे गेले. दवाखान्यात चिऊ पट्टीसाठी यायची, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत काम काढायची. तिचा चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवायचा होता, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. ती पट्टी लावू देत नाही, घर डोक्यावर घेते, एवढं कानावर आलं होतं.

एका दुपारी मी बाहेर आले तर बाकावर दौलतसिंह बसलेले. ताठ. कोट घातलेला, मिशा पिळलेल्या, आणि उजव्या डोळ्यावर भली मोठी चिकटपट्टी. मांडीवर चिऊ. तिच्याही डोळ्यावर तसलीच पट्टी.

"काका! तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. आजोबा लावतील तर मी लावीन, म्हणाली. आता आठ दिवस झाले, दोघं रोज लावतो." ते उठले. बसलेली माणसं टकमक बघत होती, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "पोरी, त्या दिवशी मी तोंडाला येईल ते बोललो. चूक झाली माझी."

"काका, असं नका म्हणू. चूक माझीच..."

"तुझी कसली?" त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. "आणि आमच्या पोराचा फोन का घेत नाहीस? जेवत नाही तो धड."

चिऊनं माझी ओढणी ओढली. तिचा डावा डोळा, चष्म्याच्या जाड भिंगामागचा, माझ्या चेहऱ्यावर थोडा वेळ भिरभिरला आणि ठरला.

"टिकली लाल," ती म्हणाली.

माझी टिकली लालच होती.

*

त्या दिवशी संध्याकाळी पाचला मी सुटले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. ऐन जानेवारीतली मावठ. मी चालत टोपी बाजारापर्यंत पोचले नाही तोच सरी सुरू झाल्या आणि मी एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली शिरले.

"जरा सरकता का?"

अंशुल. पूर्ण भिजलेला, धापा टाकत.

"तू कुठून आलास?"

"कंपूपासून मागं-मागं. पप्पांनी फोन केला. म्हणाले, आत्ता गेला नाहीस तर घरी येऊ नकोस." त्यानं केसांतलं पाणी झटकलं. "मला बोलायचं आहे. पाऊस थांबायच्या आत. थांबला की तू निघून जाशील."

पत्र्यावर पाऊस तडतडत होता. मी खाली बघत म्हणाले, "फ्लॅश मी बंद करायला लावला होता, अंशुल. तीन महिने. ते तीन महिने माझ्यामुळं..."

"बस, यही बात है?" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या गजकवाल्यानं मान वळवली. "यासाठी तीन आठवडे? अगं, फ्लॅशवाले फोटो ऑगस्टपासून माझ्याकडं पडले होते! मी बघत होतो. वहिनी बघत होती. क्यूट दिसते म्हणत होतो आम्ही! तू भेटली नसतीस तर मी आजही एकेक डोळा काळा करत बसलो असतो."

मी वर बघितलं. त्याच्या पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, सगळंच पावसाचं असेल असं वाटलं नाही.

"प्रांजली, मला... म्हणजे मी..." तो अडखळला. "यार, पाठ करून आलो होतो. सगळं गेलं!"

"थांब," मी म्हणाले. "मी सांगते. मला तू आवडतोस. फार. नंबर तपासायला आलास आणि छापखान्याचं नाव वाचलंस ना, तेव्हापासून."

मग त्याच्या चेहऱ्यावर हसू असं पसरत गेलं की मलाच बघवेना.

"परत सांग."

"नाही."

"एकदा. पावसात नीट ऐकू नाही आलं."

"सगळं ऐकलंस तू."

"मग माझं ऐक. लग्न करशील माझ्याशी? दादा पुढच्या महिन्यात येतोय. तो आला की लगेच. उद्या म्हणालीस तर उद्या!"

गजकवाला आता काम सोडून आमच्याकडंच बघत होता. "बोल दो बिटिया," तो पलीकडून ओरडला, "लड़का ठंड में मर जाएगा!"

"हो!" मी म्हणाले. त्याला उद्देशून की अंशुलला, देव जाणे. पण अंशुलनं माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही दोघं त्या पत्र्याखाली वेड्यासारखे हसत सुटलो. गजकवाल्यानं पुडीत बांधून गरम गजक पाठवलं आणि काही केल्या त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी पोचले तेव्हा माझ्या अंगातून पाणी गळत होतं. आई दारातच उभी होती.

"कुठं होतीस गं? फोन लागत नाही, काही नाही!"

मला थाप मारता आली असती. ट्रॅफिक, पाऊस, काहीही. पण माझ्याच्यानं राहवेना. तिथंच, चपलासुद्धा न काढता, मी सगळं सांगून टाकलं. भोईट्यांचा अंशुल, चिऊ, पत्रा, पाऊस, आणि मी हो म्हणाले तेही.

आईनं टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा केस पुसायला लागली. मला टॉवेलच्या आत नुसता अंधार.

"ते भोईटे, आपण पोतनीस," ती शेवटी म्हणाली. "लोक दोन दिवस बोलतील. बोलू देत. पण मुलगा मी बघितल्याशिवाय काही ठरायचं नाही. पुढच्या रविवारी जेवायला बोलाव. तोवर तुझ्या बाबांना मी हळूहळू सांगते."

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "हळूहळू कशाला? ऐकलंय मी सगळं. आणि पुढचा रविवार कशाला हवा? उद्याच बोलाव त्याला!"